रा. रा. व्ह्यू यांसी

श्री. रा. रा. व्ह्यू,
मु. पो. एक्सेल शीट, शेवटचा रकाना

सा. न. वि. वि.

पत्रास कारण की, आमच्या एका पटकथाकार मित्राची नवी गोष्ट परवा परत आली आणि ती परत करताना तुमचं नाव पुढे करण्यात आलं.

हकिकत थोडक्यात सांगते. काही वर्षांपूर्वी या मित्रानं एका स्ट्रीमिंग सेवेसाठी ‘ओरिजिनल’ चित्रपट लिहिला. सेवेचं नाव लिहीत नाही, कारण त्याच्या करारात गोपनीयतेची इतकी कलमं आहेत की तो बायकोशीसुद्धा जपून बोलतो. चित्रपट आला. नातेवाइकांनी स्टेटस ठेवले, सोसायटीच्या गणपतीत शाल-श्रीफळ झालं. मग त्यानं सेवेच्या माणसांना सहज विचारलं, किती लोकांनी पाहिला हो? “नंबर्स शेअर करायची पॉलिसी नाही सर, पण टीम खूप हॅपी आहे.” टीम वर्षभर हॅपीच होती. तेवढ्या आनंदावर यानं दुसरी गोष्ट लिहून काढली. व्हिडिओ मीटिंगमध्ये समोरचा तरुण म्हणाला, “स्टोरी ब्युटिफुल आहे सर, पण डेटा सपोर्ट करत नाहीये.” कुठला डेटा? “तुमच्या आधीच्या फिल्मचा.” बघायला मिळेल? “पॉलिसी नाही सर.” या गडबडीत त्या पोरानं स्क्रीन शेअर करताना भलताच टॅब उघडला आणि क्षणभर ते शीट दिसलं. “सॉरी सॉरी, राँग टॅब!” मित्राला स्वतःच्या चित्रपटाचं नाव दिसलं आणि पुढच्या आकड्यातला पहिला अंक दिसला. सात. सात हजार, सात लाख की सत्तर लाख, देव जाणे. बिचारा तेव्हापासून त्या सातावर जगतो आहे.

तर माझी तक्रार एवढीच आहे, व्ह्यूसाहेब. चित्रपट करणाऱ्यानं विचारलं की तुम्ही पडद्याआड जाता. त्याला नाही म्हणायची वेळ आली की साक्षीदार म्हणून तुम्हीच पिंजऱ्यात उभे राहता. ज्या साक्षीदाराची उलटतपासणीच होत नाही, त्याच्या साक्षीवर शिक्षा होते, हे कुठल्या कोर्टात चालतं?

स्थळ सांगून आलं की घरातली माणसं जशी चौकशीला निघतात, तशी मीही तुमच्या घराण्याची चौकशी केली. बाकीच्या सेवांकडे फार हाती लागलं नाही, म्हणून नेटफ्लिक्सचे कागद काढले. घराणं मोठं आहे, पण जन्मतारखेचा घोळ आहे. २०१९ पर्यंत तिथला हिशेब साधा होता. चित्रपट ७० टक्के पाहिला, तर पाहिला. डिसेंबर २०१८ मध्ये आलेला ‘बर्ड बॉक्स’ पहिल्याच आठवड्यात साडेचार कोटी खात्यांनी पाहिला असं जाहीर झालं, ते याच हिशेबानं. मग जानेवारी २०२० मध्ये भागधारकांना पत्र गेलं की इथून पुढे दोन मिनिटं पाहिलं तरी धरणार. दोन मिनिटं! अहो, मराठी चित्रपटात तेवढ्या वेळात आभाराच्या पाट्यासुद्धा संपत नाहीत. नव्या मापानं आकडे सरासरी ३५ टक्क्यांनी फुगतात, हे त्याच पत्रात प्रांजळपणे लिहिलं होतं, उदाहरणासकट. ‘अवर प्लॅनेट’ ही मालिका जुन्या मापानं ३ कोटी ३० लाख घरांनी पाहिली होती, नव्या मापानं ४ कोटी ५० लाख घरांनी. एकही नवा माणूस न येता एक कोटी वीस लाख घरं उजळली. घरकुल योजनेलासुद्धा हे कधी जमलेलं नाही.

नोव्हेंबर २०२१ मध्ये दोन मिनिटं गेली आणि तास आले. ‘रेड नोटीस’ पहिल्या २८ दिवसांत ३६ कोटी ४० लाख तास पाहिला गेला, अशा थाटाचे आकडे दर मंगळवारी येऊ लागले. पण तासांत मोजलं की लांबलचक चित्रपटाचं फावतं. म्हणून जून २०२३ मध्ये एकूण तासांना चित्रपटाच्या लांबीनं भागायचं ठरलं, आणि त्या भागाकारातून तुम्ही आजच्या रूपात अवतरलात. २८ दिवसांची मुदतही त्याच वेळी वाढून ९१ दिवस झाली.

या भागाकाराचा माझ्या डोक्यात गेलेला भाग असा. दोन तासांचा चित्रपट आहे. चार जणांनी तो लावला आणि अर्ध्या-अर्ध्या तासानं जांभई देऊन बंद केला. तुमचा हिशेब: एक व्ह्यू. आमच्या काकूंनी तोच चित्रपट अथपासून इतिपर्यंत डोळे पुसत पाहिला. एक व्ह्यू. काकूंकडे त्या रात्री माहेरची मंडळी आली होती, चटया टाकून दहा जण बसले होते. तरी एकच. म्हणजे चार कंटाळलेली माणसं आणि दहा रडलेली माणसं तुमच्या दरबारात सारखी. उलट २०२५ चा ‘केपॉप डीमन हंटर्स’ घ्या. त्यानं ९१ दिवसांत ३२ कोटी ५१ लाख व्ह्यूंचा उच्चांक केला. चित्रपट गोड आहे, तक्रार नाही. पण घरात पाच वर्षांची पोर असेल आणि जेवताना रोज तोच लागत असेल, तर ती एकटी पोर तुमच्या वहीत किती प्रेक्षक होते, याचा विचार केलात कधी? तिच्या आईनं केला असेल.

मोजणीची आम्हाला ॲलर्जी आहे असं समजू नका. मराठी माणूस आकड्यांवर वाढला आहे. पेपरात नाटकाच्या जाहिरातीत पाचशेवा प्रयोग असं छापलेलं आम्ही नाटकाच्या नावाआधी वाचतो. दादा कोंडक्यांचा ‘सोंगाड्या’ १९७१ साली दादरच्या कोहिनूरला लागला तेव्हापासूनच्या कथा लोक अजून सांगतात, आणि त्यांचे नऊ चित्रपट ओळीनं पंचवीस-पंचवीस आठवडे चालल्याची नोंद गिनेस बुकात झाली, हेही तोंडपाठ असतं. ‘सैराट’नं २०१६ मध्ये शंभर कोटी ओलांडले, हे ज्यानं तो पाहिला नाही त्यालाही ठाऊक आहे. त्या काळीही लबाडी होती. निर्माते स्वतःच तिकिटं उचलून ‘हाउसफुल्ल’चा बोर्ड लटकवायचे. पण त्यासाठी निदान खिशात हात घालावा लागायचा. पंचवीस आठवड्यांची व्याख्या बदलून सतरा आठवडे करता येत नव्हती.

आता आमच्या भाषेच्या वाट्याला तुम्ही काय आलात ते बघा. नेटफ्लिक्सवर २०१९ मध्ये दोन मराठी ओरिजिनल आले: अरुणा राजेंचा ‘फायरब्रँड’ आणि चाळीतल्या गोष्टीचा ‘१५ ऑगस्ट’. एकाच्या निर्मात्यांत प्रियांका चोप्रा, दुसऱ्याच्या निर्मात्यांत माधुरी दीक्षित. मोठी नावं, चांगली माणसं. किती जणांनी पाहिले? माहीत नाही. मग चैतन्य ताम्हाणेचा ‘द डिसायपल’. २०२० मध्ये व्हेनिसच्या स्पर्धेत गेला, पटकथेचं पारितोषिक घेऊन आला आणि ३० एप्रिल २०२१ ला नेटफ्लिक्सवर लागला. आता गंमत पाहा. दर आठवड्याच्या यादीचे आकडे २८ जून २०२१ च्या आठवड्यापासून पुढचेच आहेत. दोन महिन्यांनी हुकला! सगळ्या शीर्षकांचा पहिला मोठा अहवाल तर थेट डिसेंबर २०२३ मध्ये आला, तोही त्या वर्षाच्या पहिल्या सहामाहीचा. म्हणजे या तिन्ही चित्रपटांचे ऐन उमेदीचे आठवडे कुठल्याच प्रसिद्ध वहीत नाहीत. वयात आल्याची नोंद नाही, म्हातारपण मात्र दर सहा महिन्यांनी मोजायचं.

तो पहिला अहवाल मी उघडून बसले होते. अठरा हजारांहून अधिक शीर्षकं, सगळं मिळून जवळजवळ दहा हजार कोटी तास. वरच्या टोकाला ‘द नाइट एजंट’ मालिका, ८१ कोटी तास. चित्रपटांत ‘द मदर’, सुमारे २५ कोटी. खाली सरकत गेलं की आकडे लहान होतात, मग आणखी लहान, आणि तळाशी पोचलं की ओळीच्या ओळी एकच आकडा: १,००,०००. त्याच्या खाली पुन्हा १,००,०००. पुन्हा तोच. आधी वाटलं माऊस अडकला. मग टीप वाचली. आकडे लाखाच्या पटीत पूर्ण केलेले, आणि पन्नास हजार तासांच्या आतलं कुणी यादीतच नाही. म्हणजे एकावन्न हजार तासवालाही लाख आणि एक लाख चाळीस हजारवालाही लाख. लहान भाषेतल्या लहान चित्रपटाचा सगळा जीव या एका राउंडिंगमध्ये जातो. त्यात देशानुसार फोडही नाही. एखादा मराठी चित्रपट सांगलीत पाहिला गेला की न्यू जर्सीत, हे त्या शीटला विचारायची सोय नाही. शीटच्या मालकांना अर्थातच सगळं माहीत आहे. प्रेक्षक कुठे थांबला, कुठे मागे गेला, कुठे त्यानं पुढे पळवलं, मिनिटामिनिटाची नोंद त्यांच्याकडे असते.

आणि इथे माझा संयम संपतो. आपण-बिपण पुरे झालं. अरे, ज्या माणसानं ती ओळ लिहिली त्यालाच सांगायचं नाही की त्या ओळीवर लोक उठून गेले की थांबले? संकलकाला कळू द्यायचं नाही की त्याचा कोणता कट चुकला? मग तो शिकणार कशावरून, तुमच्या टीमच्या हॅपीपणावरून? अमेरिकेतल्या लेखकांनी २०२३ मध्ये १४८ दिवस संप केला, तेव्हा कुठे त्यांच्या संघटनेला प्रेक्षकतास गुप्तपणे दाखवायचं कबूल झालं, आणि पहिल्या ९० दिवसांत देशातल्या २० टक्के ग्राहकांनी पाहिलं तर बोनस ठरला. आमच्याकडे २०१२ मध्ये कॉपीराइट कायदा सुधारला, चित्रपटगृहाबाहेरच्या वापरावर लेखकाचा रॉयल्टीचा हक्क मान्य झाला. पण किती वापर झाला हेच कळणार नसेल तर रॉयल्टी कशाची मागायची, सातची? ऑरमॅक्ससारखी कंपनी सर्वेक्षण करून भारतातल्या प्रेक्षकांचे अंदाज काढते, वर्षअखेरीला याद्या देते, निदान तीस मिनिटं पाहणाऱ्यालाच प्रेक्षक म्हणते. म्हणजे ज्या घरात काय शिजलं ते घरच्यांना ठाऊक आहे, तिथलं लेखकानं बाहेरच्या वासावरून ओळखायचं. हा निव्वळ निर्लज्जपणा आहे.

पण व्ह्यूराव, ओरडून झाल्यावर तुझीच दया आली. तुझा काय गुन्हा? पाच वर्षांच्या आत तीनदा तुझी व्याख्या बदलली. आधी ७० टक्के होतास, मग दोन मिनिटं, मग तास, आणि आता भागाकार. तुला कुणी विचारलंही नाही. पूर्वी निदान सोबतीला ग्राहकसंख्या होती. दर तिमाहीला तीही मांडवात यायची, भागधारक तिच्याकडे बघायचे, तुझ्यावरची नजर जरा हटायची. २०२४ अखेरीस ३० कोटी १६ लाखांवर तिला सन्मानानं निवृत्त केली आणि २०२५ पासून तिचं ओझंही तुझ्याच खांद्यावर आलं. गुंतवणूकदाराला धीर तू द्यायचा, जाहिरातदाराला भुलवायचं तू, पेपरांना मथळा तू पुरवायचा, आणि वर आमच्या मित्राला नकारही तूच द्यायचा. मीटिंगमधला तो पोरगा मात्र नामानिराळा राहतो. खरं तर गोष्ट त्याला आवडली नसेल, किंवा त्याच्या बॉसला मराठीत पैसे घालायचे नसतील, किंवा यंदा सगळ्यांना खूनच हवे असतील. २०२३ च्या दुसऱ्या सहामाहीत ‘जाने जान’ दोन कोटी व्ह्यूंच्या वर गेला, तेव्हापासून हवे असतील तर नवल नाही. पण तसं कुणी सांगत नाही. सगळे तुझ्या पाठीमागे लपतात. एवढासा आकडा तू, किती जणांना आडोसा देणार?

म्हणून मागणं फार नाही. चित्रपट करणाऱ्यांना तीन गोष्टी कळाव्यात. किती जणांनी लावला, किती जणांनी शेवटपर्यंत पाहिला, आणि कुठल्या मिनिटाला सर्वांत जास्त लोक उठले. चारचौघांत नको, बंद पाकिटात द्या. वाईट आकडा असला तरी सोसेल. नाटकवाल्यांनी शिवाजी मंदिरच्या खिडकीवर अर्धा रिकामा प्लॅन बघून त्याच संध्याकाळी प्रयोग केलेले आहेत, आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्या अंकातली दहा मिनिटं कापलेली आहेत.

आणि एवढंही जमणार नसेल, तर पुढच्या नकाराच्या मीटिंगला तू जाऊ नकोस. आजारी आहे म्हणून कळव. “आम्हाला तुमची गोष्ट आवडली नाही” हे वाक्य एखाद्या माणसाला कॅमेरा चालू ठेवून, स्वतःच्या तोंडानं बोलू दे.

कळावे.

आपली,
एक खातेदार
(घरात चौघं पाहतात, तुम्ही एकच धरा)