कायम बदली

टीव्हीवर मुलाखतीला आलेल्या पाहुण्यासमोर नुसता एक कप ठेवतात, हे आमच्या मामांना अजून पटलेलं नाही. त्यातून तो कप रिकामा असतो, असा त्यांना दाट संशय आहे. 'कॉफी विथ करण' 2004 साली सुरू झाला तेव्हापासून मामा त्या कपांवर पाळत ठेवून आहेत. मोठमोठे नट येतात, सोफ्यावर पाय दुमडून बसतात, एकमेकांची लफडी सांगतात. पण कपाच्या तळाशी काय आहे ते कॅमेरा काही दाखवत नाही. "जिंकला त्याला टोपलीभर सामान देत्यात," मामा म्हणतात, "आणि हरला त्यानं काय उपाशी जायचं?"

सोलापुरात पाहुणा हरत नसतो. आधी पाणी, मग चहा, मग 'थोडंसंच' म्हणत ताट: कडक भाकरी, शेंगाची चटणी, वर दही. निघताना टॉवेल-टोपी. पाहुणा फारच मोठा असेल तर टॉवेलाऐवजी चादर. या सगळ्यात त्याला तोंड उघडायला मिळतं ते खाण्यापुरतं, हे कबूल. पण त्याचं बोलणं ऐकायला त्याला बोलावलंय कुणी?

मामा माझे सख्खे नव्हेत, कॉलनीचे आहेत. पंचाहत्तरी उलटली. उभी हयात कापड गिरणीत गेली. 1877 सालची जुनी मिल, मग लक्ष्मी, विष्णू, नरसिंग गिरजी ही नावं आमच्याकडं देवळांच्या नावांसारखी घेतली जायची. आता ती नुसती पत्ता सांगायला उरलीत. मामांच्या पायाखालची गिरणी गेली, पण रातपाळीची सवय राहिली. शेखर सुमनचा 'मूव्हर्स अँड शेकर्स' 1997 मध्ये सोनीवर रात्री लागायला लागला, तेव्हा सबंध गल्लीत तो न पेंगता बघणारे एकटे मामाच होते. पुढाऱ्यांची नक्कल झाली की एकटेच मोठ्यानं हसायचे, आणि शेजारची मंडळी उठून दाराची कडी तपासायची.

माझा मुलगा न्यू जर्सीत असतो. तो अधूनमधून तिकडच्या रात्रीच्या गप्पांच्या कार्यक्रमांचे तुकडे माझ्या मोबाइलवर पाठवतो. मी ते मामांना दाखवतो, कारण एकट्यानं बघितले तर मला समजत नाहीत, आणि मामांबरोबर बघितले तर ते मूळचे काय आहेत याच्याशी काही संबंधच राहत नाही. त्या निमित्तानं जॉनी कार्सन आमच्या कट्ट्यावर आला. हा गृहस्थ 1962 पासून 1992 पर्यंत 'द टुनाइट शो' चालवत होता. तीस वर्षं एकच खुर्ची! मामांना त्याच्याबद्दल लगेच आदर वाटला. तो थोड्याच वेळात उतरला, कारण मी सांगितलं की हा सुट्ट्या फार घ्यायचा. पुढंपुढं तर सोमवारी बहुधा नसायचाच. कार्यक्रमाला नाव त्याचं, आणि खुर्चीत दुसराच कुणीतरी पाहुणा सूत्रसंचालक.

"म्हणजे बदली," मामा म्हणाले, आणि तिथून अमेरिकेची सगळी टीव्ही-सृष्टी त्यांना तळहातावर दिसायला लागली.

गिरणी न पाहिलेल्यांसाठी सांगायला हवं. बदलीवाला म्हणजे ज्याला स्वतःचा माग नाही असा कामगार. भोंग्याच्या आधी येऊन दारात उभं राहायचं. कोण आजारी पडलाय, कोणाच्या घरी लग्न आहे, कोण रात्रीची उतरली नाही म्हणून आला नाही, ते जॉबर बघणार आणि 'तू ये, तू ये' करत बोट दाखवणार. बोट आपल्याकडं वळलं तर त्या दिवसाची मजुरी, नाहीतर घरचा रस्ता. कायमवाला भोंग्यानंतर धापा टाकत आला, तर त्याचा माग गेलेला असायचा आणि त्याच्या नावावर खाडा पडलेला. म्हणून बदलीवाल्याची प्रार्थना फार गुंतागुंतीची असायची: कुणाचं वाईट व्हावं असं तर वाटायचं नाही, पण थोडा ताप यायला काय हरकत आहे? मामांनी अशी प्रार्थना बरीच वर्षं केली, मग ते कायम झाले, आणि त्यांच्या तापासाठी दुसरं कुणीतरी प्रार्थना करू लागलं.

मी सांगितलं, जोई बिशप नावाचा एक विनोदी नट कार्सनच्या जागी 177 वेळा बसला. मामांनी बोटांवर हिशेब केला. "दोनशे चाळीस दिवस भरले की कायम करा म्हणून आमची युनियन भांडायची. बिचाऱ्याचे त्रेसष्ट कमी पडले की वं!" त्यांचा चेहरा खरंच उतरला. एप्रिल 1979 मध्ये एका रात्री कार्सनच्या जागी केर्मिट नावाचा हिरवा बेडूक, म्हणजे कापडी बाहुला, सूत्रसंचालक होता, हे मी घाबरत घाबरतच सांगितलं. मामांना त्यात काहीच नवल वाटलं नाही. "बेडूक का असंना, वेळेवर आला होता का नाही? आपल्याकडं तर बेडकाला डायरेक्ट अध्यक्षच करत्यात."

पण मामा खरे अडकले ते जोन रिव्हर्सपाशी. ही बाई फटकळ, बोलायला तिखट, आणि 1983 पासून कार्सनची अधिकृत, कायमस्वरूपी पाहुणी सूत्रसंचालक. कायम बदली! हा हुद्दा ऐकून मामांनी चष्मा काढून पुसला. सबंध सोलापूरच्या गिरणगावात असा हुद्दा कुणाला सुचला नव्हता, यात त्यांना मालकवर्गाची हुशारी दिसली. पुढं कार्सननंतर खुर्चीवर कोण, याची वाहिनीकडं एक यादी होती आणि तीत आपलं नाव नव्हतं, असं रिव्हर्सबाई सांगायच्या. मग 1986 मध्ये त्यांनी फॉक्स या नव्या वाहिनीवर स्वतःचा कार्यक्रम घेतला. कार्सनला हे बाईंच्या तोंडून कळण्याआधीच कळलं होतं. तिनं फोन केला, त्यानं ठेवून दिला, आणि तो तिच्याशी मरेपर्यंत बोलला नाही. 'द टुनाइट शो'च्या सोफ्यावर ती पुन्हा बसली ती थेट 2014 मध्ये, खुर्चीत जिमी फॅलन आल्यावर.

यावर कट्ट्यावर दोन तट पडले. एक म्हणे, यादीत नाव नसेल तर बाईनं काय दारातच उभं राहायचं? दुसरा म्हणे, गेली ते बरोबर, पण सांगून जायला नको? मामा बराच वेळ गप्प होते. शेवटी म्हणाले, "मी दुसऱ्या मिलला लागलो तेव्हा पहिल्या जॉबरच्या घरी पेढे घेऊन गेलो होतो. पेढे घेतले त्यानं. बोलला नाही, पण पेढे घेतले." एवढं पुरेसं आहे, असं त्यांचं मत. रिव्हर्सबाईंनी फोनऐवजी पेढे न्यायला हवे होते. तिच्यानंतर बदलीवर आलेला जे लेनो मात्र 1992 मध्ये कायम झाला, हे ऐकून सगळ्यांना बरं वाटलं. आणि 2020 पासून जिमी किमेल उन्हाळाभर सुट्टीवर जाऊन पाहुणे बसवायला लागला, हे कळल्यावर सगळे एकदमच बोलले. उन्हाळ्याची सुट्टी? त्याला मे महिन्यात दुपारी दोनला आमच्या पार्क चौकात उभं करा म्हणावं.

मराठीत बदलीचा मामला जास्त सभ्यपणे चालतो. 'कोण होईल मराठी करोडपती' 2013 मध्ये सचिन खेडेकरांनी सुरू केलं. 2019 मध्ये त्या खुर्चीत आमच्या करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे नागराज मंजुळे बसले. 2021 मध्ये खेडेकर परत आले. कुणी कुणाचा फोन ठेवला असं ऐकिवात नाही. जेऊरचा माणूस खुर्चीत होता तोवर मामांनी एकही भाग चुकवला नाही, आणि स्पर्धकाला उत्तर आलं नाही तर ते नागराजला ओरडून सांगायचे, "सांगून टाक की बे, आपलाच हाय."

मराठी पाहुण्यावर एक वेगळीच जबाबदारी असते. त्यानं रडायचं असतं. 'चला हवा येऊ द्या' 2014 साली सुरू झालं, डॉ. निलेश साबळे सगळ्यांना हसवत होते, भाऊ कदम नुसते आले तरी लोक लोळत होते. आणि तेवढ्यात सागर कारंडे पोस्टमनच्या खाकी कपड्यांत यायचे आणि अरविंद जगतापांनी लिहिलेलं पत्र वाचायचे. पाहुण्याचे डोळे पाणावले की कॅमेरा जवळ जायचा. पत्रं खरोखर चांगली असायची, मीही उशीत तोंड खुपसलेलं आहे. पण त्यामुळं महाराष्ट्रातल्या प्रत्येक गणेश मंडळाला, हळदीकुंकवाला आणि निरोप समारंभाला पोस्टमन सुचू लागला, त्याला इलाज नाही.

आमच्या कॉलनीलाही सुचला. कोजागिरीला दूध आटेपर्यंत करायचं काय, हा जुळे सोलापुरातला दरवर्षीचा प्रश्न. यंदा पोरांनी फ्लेक्स लावला: 'लेट नाइट टॉक शो'. गच्चीवर सोफा चढवला, टेबलावर कप मांडले (रिकामे, मामांनी आधी तपासले). सूत्रसंचालक म्हणून सेक्रेटरींचे पुण्याचे जावई ठरले होते, कारण ते पुण्याचे होते. पाहुणे म्हणून खालच्या मजल्यावरचे निवृत्त कंडक्टरकाका. दहा वाजले, साडेदहा वाजले, जावई येईनात. फोन लागेना. पोरं घाबरली. तेव्हा शेवटच्या रांगेतून मामा उठले, धोतराचा सोगा सावरला आणि काही न बोलता जाऊन खुर्चीत बसले. मी त्यांचा चेहरा पाहिला. इतक्या वर्षांनी जॉबरचं बोट त्यांच्याकडं वळलं होतं.

पहिला प्रश्न त्यांनी विचारला, "जेवलाव का?"

काका "हो" म्हणाले. पण मामांच्या मते सभागृहातल्या सगळ्यांची सोय व्हायला हवी होती, म्हणून तोच प्रश्न त्यांनी कानडीत विचारला, "ऊटा आतेन्री?" आणि पूर्व भागातून आमच्याकडं राहायला आलेल्या अक्कांकडं बघून तेलुगूतही विचारला. काकांनी तिन्ही भाषांत जेवल्याचं कबूल केलं. काय जेवलात, यावर मात्र उत्तर काकूंनी पहिल्या रांगेतून दिलं, कारण काकांना आठवेना. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सेक्रेटरींनी दिलं. तिसरा प्रश्न मामांच्या आधी एका पोरानं विचारला. मला वाटतं टॉक शो हा प्रकार सोलापुरात रुजायला एवढीच अडचण आहे: सूत्रसंचालक हवे तेवढे मिळतात, पाहुणा उरत नाही.

मग दिवे मंद झाले, मोबाइलवर बासरी लागली आणि पोस्टमन आला. पत्र काकांच्या जुन्या लाल गाडीनं लिहिलेलं होतं. 'प्रिय काका, आठवतं का, अक्कलकोटच्या रस्त्यावर तुम्ही पहिल्यांदा माझी दोरी ओढलीत…' पोरानं आवाज कापरा केला. काकू पदर डोळ्यांकडं न्यायच्या बेतात होत्या.

"अक्कलकोटला मी कधीच नव्हतो," काका म्हणाले. "माझी ड्यूटी बार्शी."

बासरी चालूच. पोरगं म्हणालं, काका, ती भावना आहे. काका म्हणाले, भावना असू दे, पण रूट चुकलाय. गर्दीतून कुणी म्हणालं बार्शी वैरागवरून, दुसरा म्हणाला वैरागवरूनच जाते, विचारतोस काय. आणि त्या गोंधळात अक्का उठल्या. त्या कधीकाळी काकांच्या गाडीनं वैरागला गेल्या होत्या. सुटे नव्हते म्हणून काकांनी तिकिटाच्या मागं दोन रुपये लिहून दिले होते, आणि उतरताना गर्दीत ते राहून गेले. तिकीट आहे का? अक्कांनी पिशवी उघडली. तिकीट नव्हतं, पण पिशवी अशा अधिकारानं उघडली होती की काकांनी खिशात हात घातला. दहाची नोट निघाली. अक्कांकडं आठ रुपये सुटे नव्हते.

इथं काकांच्या डोळ्यांत पाणी आलं. हसून आलं, पण आलं. पोस्टमननं पत्र घडी घालून खिशात ठेवलं आणि आपलंच काम झालं अशा चेहऱ्यानं खाली उतरला.

सव्वाबाराला जावई आले. घामाघूम, हातात प्रश्नांचे कागद, अंगात कोट. थेट मंचावर गेले आणि माईकसाठी हात पुढं केला. मामांनी माईक छातीशी धरला.

"भोंगा झाल्यावर आलाव, जावईबापू. आजचा खाडा."

जावयांना विनोद वाटला. ते हसले, हात तसाच. मामा हसले नाहीत. शेवटी त्यांना पाहुण्याच्या सोफ्यावर बसवण्यात आलं, आणि रिकाम्या कपापुढं बसून ते सांगू लागले की रस्त्यात टेंभुर्णीला चहाला थांबलो, तिथं गाडी बंद पडली. तेवढ्यात दूध झाल्याची हाक आली. मामा पेला आणायला म्हणून दोन मिनिटं उठले.

परत आले तर खुर्चीत कंडक्टरकाका. माईक त्यांच्या हातात, आणि ते जावयाला खडसावून विचारत होते की टेंभुर्णीला थांबायचं कारणच काय, इंदापूरला चहा नव्हता का?

मामा पेला घेऊन क्षणभर उभे राहिले. "माग गेला आपला," एवढंच मला म्हणाले, पहिल्या रांगेत काकूंशेजारी जाऊन बसले, आणि माईक नसल्यामुळं आधीपेक्षा दुप्पट आवाजात जावयाला पुढचा प्रश्न विचारला.