अवयवकाका

विरार पूर्वेला चंदनसारच्या शेअर रिक्षासाठी रांगेत उभी असलेली माणसं पुढे किती डोकी आहेत ते बघतात. आमचे काका रिक्षाचा नंबर बघतात. ३५२४ आली की लगेच अंक उतरत्या क्रमाने, मग चढत्या क्रमाने, आणि वजाबाकी : ५४३२ उणे २३४५, उरले ३०८७. पुन्हा तेच, ८३५२. पुन्हा तेच, ६१७४. "आलं स्टेशन! सात फेऱ्यांच्या आत येतंच येतं." तोवर दोन रिक्षा भरून निघून गेलेल्या असतात.

दिसेल त्या संख्येचे अवयव पाडल्याशिवाय त्यांना घास उतरत नाही, म्हणून पोरं त्यांना अवयवकाका म्हणतात. नवे भाडेकरू त्यांना अवयवदानाचे प्रचारक समजून लांबूनच नमस्कार करतात.

काकांचं दैवत द. रा. कापरेकर. देवळालीचे शाळामास्तर, ६१७४ ची ही गंमत १९४९ साली शोधणारे. जन्म १९०५ चा, डहाणूचा, म्हणजे "आपल्या पालघर जिल्ह्याचे!" जिल्हा २०१४ साली झाला, असल्या किरकोळ बाबीला काका भीक घालत नाहीत. कापरेकरांनी संख्यांना गोत्रं लावून दिली. स्वतःच्या अंकांच्या बेरजेने निःशेष भाग जाणारी ती हर्षद. वसई आरटीओचा एमएच ४८ हर्षद निघाला (चार नि आठ बारा, बारा चोक अठ्ठेचाळीस), तेव्हा काकांनी पेढे वाटले होते.

खरा जीव मात्र १२३४५६७८९८७६५४३२१ वर. मेंटेनन्सच्या पावतीमागे, दुधाच्या कॅलेंडरवर, जागा दिसेल तिथे ही सतरा अंकी बाई लिहिलेली. नऊ एकांचा वर्ग, उलटीसुलटी सारखीच, अंकांची बेरीज ८१ आणि ८१ ने भागही जातो, म्हणजे हर्षदसुद्धा. शिवाय गोत्र डेमलो. कापरेकरांना ही कल्पना सुचली ती जीआयपी रेल्वेच्या डेमलो, म्हणजे आजच्या डोंबिवली स्टेशनात. इथे काकांचा आवाज चढतो. "मध्य रेल्वेला स्टेशनच्या नावाची संख्या, आणि आमच्या विरारला? गर्दी काय कमी आहे?" मला वाटतं, गर्दीमुळेच राहिलं असेल. विरार लोकलमध्ये खिशातली वही काढायला हात खाली येतो कुठे?

मध्यंतरी बी विंगमधल्या शेठनी जादा पैसे मोजून नव्या गाडीला ७७७७ नंबर घेतला. गेटवर नारळ फुटला. काकांनी वजाबाकी केली (सगळे अंक सारखे, उरणार काय?) आणि चारचौघांत निकाल दिला, "शून्य!" शेठचा चेहरा पडला.

रात्री साडेअकराला शेठची बेल वाजली. दारात काका, हातात पावती.

"शेठ, माफ करा, वर्ग करून बघायचा राहिला! ६०४८१७२९. मधोमध तोडा, ६०४८ आणि १७२९. बेरीज पुन्हा ७७७७! अस्सल कापरेकर संख्या! आणि रामानुजनना भेटायला हार्डी ज्या टॅक्सीने गेले, ती १७२९ नंबरची टॅक्सी तुमच्या गाडीत घुसलीये!"

शेठ अनवाणीच जिन्याकडे धावले. "टॅक्सी घुसली? पुढून की मागून?"