सदासिद्ध

स्काऊटमास्तर हा मनुष्य आठवडाभर भूगोलाचा शिक्षक असतो. परंतु शनिवारची शाळा सुटली, की तो खाकी अर्धी विजार, गळ्यात स्कार्फ आणि छातीवर शिट्टी अशा स्वरूपात अवतीर्ण होतो, आणि वर्गात ज्या आवाजाला मागचा बाक दाद देत नाही त्याच आवाजाच्या हुकमासरशी तीस पोरे एका टाचेवर वळतात. वाशीम हा अकोला जिल्ह्यातला एक तालुका होता आणि स्वतंत्र जिल्ह्याचे वैभव १९९८ सालापर्यंत त्याच्या नशिबी यावयाचे नव्हते, त्या काळातले आमचे मास्तर अगदी याच वाणाचे. १९०७ साली बेडन-पॉवेल साहेबांनी ब्राउन्सी बेटावर वीस मुलांचे पहिले शिबिर भरविले, ही हकीकत ते अशा तपशिलाने सांगत, की एकविसावे आपणच होतो असा श्रोत्यास भास व्हावा.

‘तयार राहा’ हे ब्रीद त्यांनी अक्षरशः पाठीवर घेतले होते. पाठीवरच्या पिशवीत दोर, होकायंत्र, तिकोनी पट्ट्या, मेणात बुडविलेल्या काड्या असा सारा जामानिमा असे. मात्र गावात ज्याचे हाड मोडावयाचे ते नेमके मास्तर दुसऱ्या पेठेत असताना मोडे. रोजच्या सत्कृत्याचीही तीच गत. स्कार्फच्या टोकाची गाठ एक सत्कृत्य झाल्याखेरीज सोडावयाची नाही असा त्यांचा दंडक, त्यामुळे दिवेलागणीला गाठ तशीच असली, की ते बालाजीच्या देवळापासून पद्मतीर्थापर्यंत उपकार घेणारा शोधीत हिंडत, आणि त्यांना पाहताच माणसे डोक्यावरचे ओझे खाली ठेवून विसावा घेतल्याचे सोंग करीत. एक भाजीवाली म्हातारी तेवढी दयाळू. “ने बापा हे टोपली घरलोक, होऊ दे तुह्यं पुन्न,” असे म्हणून ती रिकामी टोपली त्यांच्या स्वाधीन करी.

एकबुर्जीच्या तलावाकाठचे शिबिर मात्र मी विसरू म्हणता विसरणार नाही. बिनभांड्याचा स्वयंपाक हा त्या रात्रीचा विषय होता. साहेबांच्या ग्रंथात लिहिल्याबरहुकूम कणकेची लांब वळी काठीला गुंडाळून ती विस्तवावर धरावयाची होती. आम्ही धरली, आणि तासाभराने ती बाहेरून कोळसा व आतून खळ झाली. शेजारच्या मळ्यातला जागल्या बराच वेळ उकिडवा बसून पाहत होता. “हे काय भाजून राह्यले, मास्तर?” एवढेच त्याने विचारले, आणि उत्तराची वाट न पाहता गोवऱ्या रचून पेटविल्या, उरलेल्या कणकेचे रोडगे वळून ते आरात पुरले, कडेला वांगी सरकविली. घटकाभराने राख झटकलेला रोडगा आणि पळसाच्या पानावरचे भरीत पुढे आले तेव्हा शिस्तीचा पुरता बोजवारा उडाला. मास्तरांनी कंदिलाच्या उजेडात रोजनिशी उघडून ‘बिनभांड्याचा स्वयंपाक यशस्वी’ अशी नोंद केली, आणि जागल्याचा बालवीर रीतीने गौरव करावा म्हणून हृदयाच्या बाजूचा, म्हणजे डावा, हात पुढे केला.

डाव्या हाताने हस्तांदोलन करणारी जमात जागल्याने कोठे पाहिली असणार! मास्तरांना आणखी एक हवा असे समजून त्याने आरातला रसरशीत रोडगा त्या तळहातावर ठेवला.

मास्तरांची किंकाळी विरते न विरते तोच शिट्टी वाजली. पिशवी उघडण्याचा हुकूम झाला. कितीएक वर्षांच्या प्रतीक्षेनंतर अपघात प्रत्यक्ष चालून आला होता, आणि तीस पोरे एका हाताला पट्टी बांधीत असताना मास्तर डोळ्यांतले पाणी पुसून, अत्यंत प्रसन्न मुद्रेने, कोणाची गाठ चुकते आहे ते सांगत होते.