चाक बंगल्यात, कुंभार ओसरीत

लोणावळ्याजवळच्या औंढे गावाच्या अंगावरून एक्स्प्रेस वे जातो. त्यामुळे मुंबईकराला ‘निसर्गात’ यायला फार वेळ लागत नाही. आल्यावर करायचं काय, हा प्रश्न मात्र पहिल्या चहालाच पडतो. धबधबा बघून होतो, कणीस खाऊन होतं, चिक्कीचे पुडे गाडीत जातात. मग उरते कला. म्हणून हल्ली लोणावळ्याच्या आसपास बंगल्या-बंगल्यांतून विजेवर चालणारं एक चाक ठेवलेलं दिसतं. शनिवारी सकाळी पाहुणे हाताला चिखल लावतात, फोटो काढतात, हात धुतात आणि मिसळ मागवतात. चाकावर जे उरतं त्याला मडकं म्हणायचं की अपघात, हे कुंभारच सांगू शकेल. पण कुंभार तिथे नसतो. असलाच तर त्याला ‘इन्स्ट्रक्टर’ म्हणतात आणि मागच्या दाराने घेतात.

शेजारच्या भिंतीवर इरलं टांगलेलं असतं. कधीकाळी ते डोक्यावर घेऊन मावळातल्या बाया भातलावणी करायच्या. आता लावणीला प्लॅस्टिकचा कागद आणि इरल्याला स्पॉटलाइट. इरलं विणणारीचं नाव खाली लिहिलंय का, म्हणून मी हटकून बघतो. नसतं. ते कुठून आणलं, हे इंटिरियरवाल्याला विचारा म्हणतात.

या सगळ्याला ‘कम्युनिटी आर्ट स्पेस’ असं भारदस्त नाव आहे. यातली कम्युनिटी कोणती, ते दरपत्रक वाचलं की कळतं.

आता कोणी म्हणेल, चार कलाकारांनी एका छपराखाली बसायचं हे खूळच शहरी. तसं नाही. हे खूळ आपल्या मावळ तालुक्यात दोन हजार वर्षं जुनं आहे. कार्ल्याच्या लेण्याला जा. एकवीरेच्या रांगेत उभे असताना डावी-उजवीकडे न बघणारे आपण सगळेच, पण एकदा चैत्यगृहाच्या दाराशी थांबा. दगडी कमानीच्या पोटाला आतून सागवानी फासळ्या आहेत, तेव्हाच्याच. म्हणजे पाथरवटाचं काम संपलं तिथून सुताराचं सुरू झालं, आणि दोघांनी एकमेकांचं बिघडवलं नाही. (आज बाथरूमची टाइल बसवताना गवंडी आणि प्लंबर एवढं करून दाखवतील तर मी नारळ फोडीन.) त्याहून मोठी गंमत लेखांत आहे. खांबाखांबावर देणाऱ्यांची नावं आहेत. वैजयंती नगरीचा श्रेष्ठी भूतपाल आहे, धेनुकाकटचा अत्तरं विकणारा सिंहदत्त आहे, यवन म्हणवणारे परदेशी वळणाचे दातेही आहेत. कोणी एक खांब दिला, कोणी दाराचा खर्च उचलला. एकट्याच्या खिशातून एवढं लेणं निघत नाही, हे त्यांना ठाऊक होतं.

पण माझा जीव अडकतो तो सामीपाशी. सामी, वेणुवासाचा मुलगा, धेनुकाकटचा सुतार. त्याने दार केलं, आणि ‘हे सामीने केलं’ असं दारापाशीच कोरलेलं आहे. शेठचं नाव आहे, अत्तरवाल्याचं आहे आणि सुताराचंही आहे.

आता आपल्या गावच्या समाजमंदिराची पाटी आठवा. काळा ग्रॅनाइट, सोनेरी अक्षरं. माननीय खासदार, माननीय आमदार, जिल्हा परिषद सदस्य, सरपंच, उपसरपंच, सर्व सदस्य, ग्रामसेवक. खाली निधीचा आकडा, त्याखाली ठेकेदार. विटा रचणाऱ्या गवंड्याचं नाव? त्याला त्या दिवशी उद्घाटनाच्या खुर्च्या लावायला बोलावलं होतं.

समाजमंदिर म्हणजे खरं तर तयार कलाकेंद्रच. छप्पर आहे, फरशी आहे, विजेचा मीटर आहे, बाहेर नळ आहे. फक्त दाराला कुलूप आहे. किल्ली सरपंचांकडे असते. सरपंच म्हणतात शिपायाकडे. शिपाई म्हणतो, मंडळाच्या पोरांकडे. पोरं म्हणतात, आत मंडपाचं सामान आहे, गणपतीनंतर बघू. गणपतीनंतर नवरात्र येतं, नवरात्रानंतर आचारसंहिता. बचत गटाच्या बायकांना महिन्यातून एकदा सतरंजी टाकून बसायला मिळतं, तेही अंधार पडायच्या आत.

कुंभाराला जागा कशाला लागते, त्याचं घर आहे की, असा एक ठेवणीतला प्रश्न असतो. विचारणाऱ्याने लोणावळ्यात जुलै काढलेला नसतो. इथे वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत कोसळतो. मडकं चाकावर अर्धंच होतं. चाकावरून उतरतं तेव्हा बूड जाड असतं. ते जरा सुकू द्यायचं, मग आतून दगडी गोळा धरून बाहेरून लाकडी थापीने हळूहळू थापटत फुगवायचं. पुन्हा सावलीत सुकवायचं. ओलं राहिलं तर भट्टीत फुटतं, घाईने उन्हात ठेवलं तर आधीच तडकतं. म्हणजे या धंद्याला लागतं ते छप्पर, वारा आणि मोकळी जमीन. ओसरीत बायकोची चूल, पोरांचा अभ्यास आणि शेळी सांभाळून उरलेल्या जागेत किती मडकी सुकणार? बुरुडाचंही तेच. ओल धरली की बांबूच्या कामट्यांवर बुरशी चढते. पावसाळ्यात कारागिराचे हात रिकामे, आणि चार पावलांवर समाजमंदिर कोरडं ठणठणीत, पण कुलूपबंद.

सरकार काही करत नाही असं मात्र म्हणू नका. 17 सप्टेंबर 2023 रोजी पीएम विश्वकर्मा योजना सुरू झाली. 18 व्यवसाय त्यात आहेत. कुंभार आहे, सुतार आहे, टोपल्या विणणारा आहे, शस्त्रं घडवणारासुद्धा आहे. मावळात गड-किल्ले पुष्कळ, तेव्हा शस्त्रांचं समजू शकतो. प्रशिक्षणाच्या काळात दिवसाला 500 रुपये, अवजारांसाठी 15,000 रुपयांचं व्हाउचर, वर स्वस्त कर्ज. वाईट काहीच नाही. फक्त अवजारं मिळाली की ती घेऊन बसायचं कुठे, हे अर्जात विचारलेलं नाही. यादीत कुलुपं बनवणाराही आहे बरं का. तेवढा व्यवसाय आपल्या समाजमंदिरांच्या जिवावर तगेल.

पैसा नाही, हेही जुनंच रडगाणं. लोणावळ्याहून लोकलने तळेगाव पाचवं स्टेशन. तिथे 1908 साली पैसा फंडाचा काच कारखाना निघाला. अंताजी दामोदर काळे यांची साधी योजना: माणशी वर्षाला एक पैसा. लोकमान्य टिळकांनी ती उचलून धरली. जपानहून काचेचं काम शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय कारखान्याला लाभले. तिथे काच तर झालीच, पण काच करणारी माणसंही झाली, आणि ती देशभर जाऊन आपापल्या भट्ट्या पेटवून बसली. ज्याने पैसा दिला तो मालक नव्हता, पण कारखाना आपला आहे असं म्हणायला त्याला कोणाची परवानगी लागत नव्हती. आज आपण एका पिझ्झ्यावर जास्तीचं चीज घालायला जेवढे देतो, तेवढ्यात त्या काळी अख्ख्या गावाची वर्गणी भागली असती.

आणि जागा म्हणजे हॉलच हवा, एसीच हवा, असंही नाही. बोरघाट उतरून खोपोलीमार्गे पेणला जा. गणपतीच्या आधीचे महिने तिथे गल्लीच्या गल्ली कारखाना असते. एकाकडे साचे, दुसऱ्याकडे रंग, आणि डोळ्यांची आखणी करणारा हात मात्र नेमक्यांचाच. साधा कामगार धोतराला पिवळा रंग देईल. डोळे काढायची वेळ आली की बाजूला होतो आणि आखणीवाल्याची वाट बघतो. कोणी कोणाचा कार्यक्रम आयोजित करत नाही. कुडाळजवळ पिंगुळीला परशुराम गंगावणे यांनी तर गुरांच्या गोठ्यातच संग्रहालय केलं: चित्रकथी, कळसूत्री बाहुल्या, चामड्याच्या बाहुल्या, ठाकर समाजाचा पिढ्यान् पिढ्यांचा ठेवा. 2021 साली त्यांना पद्मश्री मिळाली. सावंतवाडीत गंजिफाचे पत्ते रंगवणारे राजवाड्यात बसतात. गोठा चालतो, राजवाडा चालतो. न चालणारी वास्तू एकच, जिच्यावर ‘सार्वजनिक’ असं लिहिलेलं असतं.

मला बंगल्यातल्या चाकाचा राग नाही. पाहुण्याचे हात आठवड्यातून एकदा मळले तर मळू देत, त्याच्या तब्येतीला बरंच. त्याने शिकवणाऱ्याला चार पैसे जास्त दिले तर त्याहून बरं. पण बंगला हा बंगलेवाल्याचा. उद्या त्याला कलेचा कंटाळा आला की चाकाच्या जागी पिकलबॉलचं कोर्ट येईल, आणि तो त्याचा हक्क आहे. समाजमंदिराचं तसं नाही. ते तुमच्या-आमच्या पैशाचं आहे, आणि त्यात कोण बसेल हे ग्रामसभेत मांडता येतं.

वर्षातून किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात. तेव्हा औंढे असो, देवले असो की मावळातलं आणखी कुठलं गाव, पुढच्या सभेला जरा जा. कोरम भरत नाही म्हणून तहकूब होणारी ती सभा तुमच्या जाण्याने भरेल, हा वरचा फायदा. उभे राहा आणि एवढंच मांडा: जून ते सप्टेंबर समाजमंदिर गावातल्या कारागिरांना कामाला खुलं राहील, किल्ली त्यांच्यातल्याच एकाकडे असेल, विजेचं बिल ते वर्गणीने भरतील, आणि तिथे काम करणाऱ्यांची नावं दारावर लिहिली जातील. सरपंच म्हणतील, विषयपत्रिकेवर नाही. त्यांना सांगा, ऐनवेळच्या विषयात घ्या.