सॅम्पल द्या, सेम टू सेम करून देतो

"सॅम्पल द्या साहेब, सेम टू सेम करून देतो." भोसरी एमआयडीसीतले कित्येक गाळे या एका वाक्यावर उभे राहिले. टेल्कोच्या ऑर्डरींवर पोसलेल्या याच पट्ट्यात आता एक नवा कारागीर निपजलाय. दिवसा चाकणला क्वालिटीत, रात्री निगडीच्या वन-बीएचकेत गिटारच्या जुन्या पेडलांचे क्लोन बनवण्यात.

पेडल म्हणजे गिटार आणि अँपच्या मध्ये ठेवून पायाने दाबायची डबी. याच्या आवडीच्या डब्यांचं काम सरळ आवाज फाडून देणं. (फुकट फाटणारा आवाज आमच्या चौकात भरपूर मिळतो, पण त्याला तो चालत नाही.) याचं दैवत आयबानेझचा हिरवा ट्यूब स्क्रीमर. त्याचा जीव ४५५८ नावाच्या चिपमध्ये. ती पुण्याच्या तापकीर गल्लीत चहाच्या भावात मिळते आणि साध्या घरगुती अँप्लिफायरमध्येही असते, हे कळल्यापासून त्याची झोप उडाली.

रविवारी सर्किट छापायचा कार्यक्रम असतो. गुळगुळीत कागदावर लेझर प्रिंट काढायची, ती तांब्याचा थर असलेल्या बोर्डावर पालथी घालून वरून कडक इस्त्री फिरवायची. मग तो बोर्ड फेरिक क्लोराइडमध्ये, आणि फेरिक क्लोराइड श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात. नको असलेलं तांबं विरघळतं. बेसिनला पडलेला पिवळा डाग मात्र जात नाही. सोमवारी मुलाच्या शाळेच्या शर्टावर काळे ठिपके उमटतात. "अहो, हे काय आहे?" "टोनर," तो शांतपणे सांगतो, "प्रोसेस व्हेरिएशन."

डबी पावडर कोटिंगला ओळखीच्या गाळ्यात जाते, आणि तिथे त्या दिवशी ज्या रंगाचा लॉट लागला असेल तो रंग घेऊन परत येते. त्यामुळे त्याचा ट्यूब स्क्रीमर जेसीबीसारखा पिवळाधमक आहे.

खर्च विचारलात तर म्हणेल, "पाचशे रुपये." सोल्डरिंग स्टेशन, ऑसिलोस्कोप आणि जळालेल्या चिपा कॉस्टिंगमध्ये धरत नाहीत. कंपनीत हाच माणूस व्हेंडरच्या कोटेशनमधला रुपया-रुपया सोलतो.

क्लॉन सेंटॉर या १९९४ च्या अमेरिकन पेडलचा विषय निघाला की तो पेटतो. नक्कल होऊ नये म्हणून ते बनवणाऱ्या बिल फिनेगनने त्याच्या सर्किटवर इपॉक्सी ओतून ठेवलं होतं. लोकांनी ते खरवडून काढलं आणि नकाशा उतरवलाच. "भोसरीत आणलं असतं तर एका शिफ्टचं काम होतं," हे त्याचं मत. मला ते पटतं.

फझ फेसच्या वेळी मात्र कहर झाला. १९६६ चं ते लंडनचं पेडल, हेंड्रिक्सच्या पायाखालचं. त्याला जर्मेनियमचा ट्रान्झिस्टर लागतो. एसी १२८ चालतो, आणि तो असतो जुन्या रेडिओत. आजोबांचा रेडिओ उघडला गेला. पेडल तयार झालं, जॅक लावला, अजून तार छेडलीही नव्हती, तोच अँपमधून आकाशवाणीच्या बातम्या सुरू झाल्या. फझला ही खोड असतेच, असं तो सांगतो. वर मे महिन्यात जर्मेनियम तापून बायस सरकतो, तेव्हा बातम्याही धड लागत नाहीत.

गिटार वाजवतो का? ई कॉर्ड वाजवतो. पुढची कॉर्ड पुढच्या पेडलनंतर.

तुमच्या माळ्यावर जुना ट्रान्झिस्टर असेल आणि हा गृहस्थ "चालतो का बघू" म्हणत आला, तर त्याला चहा द्या, पोहे द्या. स्क्रूड्रायव्हर देऊ नका.