टाके किती पडले?

आमच्या बेंबळी गावात ऑपरेशनचा मान टाक्यांवर ठरतो. दवाखाना कुठला, डॉक्टर कोण, बिल किती, हे सगळं नंतर. भेटायला आलेला माणूस दारात चपला काढता काढताच विचारतो, "टाके किती पडले?" पूर्वी पित्ताशय काढायचं म्हणजे उजव्या बरगडीखाली वीतभर चीर. त्या शिलाईच्या जोरावर माणूस वर्षभर राज्य करायचा. पोतं उचलायचं नाही, पाणी शेंदायचं नाही, आणि भावकीच्या भांडणात नुसता पोटावर हात ठेवला की समोरचा गप्प.

दुर्बिणीनं या वैभवाची पार माती केली. बेंबीपाशी एक भोक, छातीच्या हाडाखाली एक, उजव्या अंगाला दोन. मोठं म्हणावं ते सेंटिमीटरभर, बारकं त्याच्या निम्मं. आमच्या गल्लीतले तात्या सोलापूरला जाऊन खडे काढून आले आणि गाडीतून उतरून आपल्या पायांनी घरात शिरले, ही पहिली चूक. नव्वदीच्या आजींनी लेकाचा सदरा वर करून चार पट्ट्या मोजल्या आणि निकाल दिला, "फसवलं बाबा तुला. अरं, आत हात तरी कुठून घातला त्यांनी?"

प्रश्न रास्त होता. हात घालतच नाहीत. पोटात कार्बन डायऑक्साइड सोडून ते तंबूसारखं फुगवतात, म्हणजे आत काम करायला जागा होते. बेंबीतून कॅमेरा जातो, बाकीच्या भोकांतून लांब दांड्यांची हत्यारं, आणि सर्जन पोटाकडं न बघता टीव्हीकडं बघत काम करतो. पित्ताशयाच्या पिशवीची नळी आणि तिला रक्त पुरवणारी शीर बारीक धातूच्या क्लिपा लावून बंद करायची, मधे कापायचं, यकृताला चिकटलेली पिशवी सोडवायची आणि खड्यांसकट त्यातल्याच एका भोकातून बाहेर ओढायची. क्लिपा आतच राहतात म्हटल्यावर तात्यांना काळजी पडली, विमानतळावर ते यंत्र वाजेल का? क्लिपा टायटॅनियमच्या असतात, वाजत नाही. शिवाय तात्या तुळजापूरच्या पलीकडं फारसे जात नाहीत.

दुसऱ्या दिवशी तात्यांचा उजवा खांदा दुखायला लागला. ऑपरेशन पोटाचं आणि दुखतो खांदा, याचा अर्थ गल्लीनं एकमतानं लावला : टेबलावरून पाडलं. खरं कारण तो गॅस. पोट आणि छाती यांच्यामधला पडदा गॅसनं ताणला जातो, चिडतो. त्या पडद्याची आणि खांद्याची संवेदना मानेतल्या एकाच ठिकाणाहून जाते, त्यामुळं मेंदूचा पत्ता चुकतो. दोन-चार दिवसांत थांबतं. पण पाडल्याची गोष्ट काही थांबली नाही.

ऑपरेशनआधी तात्यांनी हुलग्याचा काढा प्यायला होता, पानफुटीची पानं चावली होती. हे दोन्ही मुतखड्याचे उपाय, आणि मुतखड्याच्या वाटेनं निदान पाणी तरी वाहतं. पित्ताशयाचा मामला वेगळा. यकृत दिवसाला अर्धा ते एक लिटर पित्त तयार करतं. त्यातलं थोडं ही पिशवी साठवते आणि आटवून घट्ट करते. मावते जेमतेम तीस ते पन्नास मिली. पोटात तूप-तेल आलं की ती आकसून पित्त सोडते. पित्तात कोलेस्टेरॉल जास्त झालं, पिशवी नीट रिकामी होईना, की खडा जमतो, आणि तो तोंडाशी अडकला की कळ. म्हणून ही कळ आदल्या संध्याकाळच्या ताटाचा हिशेब मागते. उस्मानाबादी शेळीचं नाव देशभर आहे. तिच्या तर्रीदार रश्श्यानंतर रात्री दोनला तात्यांनाही ते पटलं. कुणी तेल आणि लिंबाचा रस पाजून खडे पाडून दाखवतात. पडतात ते हिरवे गोळे बहुतेक त्याच तेलाचा पोटात झालेला साबण असतो.

आजींच्या शंकेला मोठी परंपरा आहे बरं का. पित्ताशय पहिल्यांदा काढलं बर्लिनच्या लांगेनबुखनं, 1882 साली. त्याचा रुग्ण दुसऱ्या दिवशी सिगार ओढत पडला होता म्हणे. म्हणजे पथ्याबाबत तोही आमच्याच गावचा. पुढं शंभर वर्षं चीरच चालली. 1985 मध्ये एरिख म्यूह या जर्मन सर्जननं दुर्बिणीनं पिशवी काढली, तर त्याच्याच व्यवसायबंधूंनी त्याला वेड्यात काढलं. त्यांच्याही म्हणण्याचा सूर आजींचाच : एवढ्याशा भोकातून होतंय होय! 1987 मध्ये लिऑनच्या मूरेनं ते केलं आणि मग वारं फिरलं. आपल्याकडं 1990 मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेम्टन उडवाडिया यांनी सुरुवात केली, काही महिन्यांत पुण्यात डॉ. ज्योत्स्ना कुलकर्णी यांनी. तिथून धाराशिव, लातूर, सोलापूरपर्यंत ते इतकं रुळलं, की आता लोक फक्त एवढंच विचारतात, सरकारी योजनेत बसतं का?

तात्यांची इभ्रत अखेर बाटलीनं राखली. दवाखान्यातून खडे बाटलीत घालून दिले होते. ती देवघराशेजारच्या फळीवर आली, पाहुण्यांच्या हातात फिरली, कानाशी खुळखुळली. मग वरच्या आळीच्या मावशींचा एकच पण सुपारीएवढा खडा निघाला आणि तात्यांचे बारके सतरा फिके पडले. एक-दोघे तर घाबरून सोनोग्राफी करून आले. एकाला खडा निघाला, आणि तोवर ठणठणीत असलेला तो माणूस रिपोर्ट वाचून विव्हळू लागला. त्याला डॉक्टरांनी परत पाठवलं ते बरंच केलं. पुष्कळांचे खडे जन्मभर गप्प पडून राहतात, आणि गप्प खड्याला सहसा कापत नाहीत.

बोलणाऱ्या खड्याची गोष्ट वेगळी. जेवणानंतर बरगडीखाली पुन्हा पुन्हा कळ येत असेल तर काढा ठेवा बाजूला आणि सोनोग्राफी करा. कळीबरोबर थंडीताप आला किंवा डोळे पिवळे झाले, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. आणि कुणी असं ऑपरेशन करून घरी आलं, तर भेटायला जरूर जा, पण खव्याचे पेढे नेऊ नका, सदरा वर करायला लावू नका, आणि बाटली पुढं आली की "बाप रे, एवढे!" म्हणायला विसरू नका.