सुकाणू, शीड आणि तुमचे चिरंजीव

जर्सी सिटी

तीर्थरूप आईंना सादर नमस्कार.

"तो हल्ली फोनवर का येत नाही, तब्येत बरी आहे ना?" असं तुम्ही परवा विचारलंत. तब्येत ठणठणीत आहे. तुमचे चिरंजीव बोट बांधताहेत. जेवणाच्या टेबलावर बोट, खुर्चीवर शीड, फळांच्या टोपलीत स्क्रू. आम्ही जमिनीवर मांडी घालून जेवतो. मुलांवर आपोआप संस्कार होताहेत, म्हणून मी गप्प आहे.

बोट रिमोटवर चालते, पण तिला पुढे ढकलणारी मोटर नाही. ते काम वाऱ्याचं. रिमोटने करायचं ते एवढंच, की सुकाणू वळवायचं आणि शिडाची दोरी सैल-घट्ट करायची. या दोन कामांना दोन सर्वो. सर्वो म्हणजे चारेक सेंटिमीटर लांबीची काळी डबी, तिला तीन वायरी. दोन विजेच्या, एक हुकमाची. ईराने एक जुना सर्वो उघडला (परवानगी न घेता, अगदी बापाच्या वळणावर). आत एक चिमुकली मोटर, तिचा वेग उतरवून जोर वाढवणारी दातेरी चाकं, एक छोटं सर्किट, आणि रेडिओच्या आवाजाच्या बटणामागे असतं तसं पोटेन्शियोमीटर. हे शेवटचं बाहेरच्या दांड्याबरोबर फिरतं आणि दांडा आत्ता नेमका कुठे आहे ते सर्किटला कळवत राहतं.

हुकूम कसा जातो, ते ऐका. तिसऱ्या वायरीतून दर २० मिलिसेकंदांनी विजेचा एक ठोका येतो. ठोका १.५ मिलिसेकंद टिकला तर दांडा मधोमध. १ मिलिसेकंद टिकला तर एका टोकाला, २ टिकला तर दुसऱ्या. ठोक्याची लांबी हाच निरोप. सर्किट ती लांबी आणि दांड्याची जागा ताडून बघतं, फरक असेल त्या दिशेने मोटर फिरवतं, फरक मिटला की थांबतं. म्हणजे एकच गोष्ट त्याला सेकंदाला पन्नास वेळा सांगावी लागते. आमच्याकडे "कचरा बाहेर ठेवा" हे मीही पन्नास वेळा सांगते, पण सर्वो ऐकतो. वर त्याला स्वतःची चूक कळते आणि तो ती वाद न घालता दुरुस्त करतो. बोटाने दांडा हटवून पाहिला तर कुरकुरत उलटा जोर लावतो. मला तो आवडायला लागलाय, हे ह्यांना सांगू नका.

शिडाचा सर्वो मात्र वेगळा. त्याला दोरी गुंडाळायची असल्याने तो कप्पीचे चांगले तीन-चार फेरे घेतो. वारा जोराचा असला की तो बॅटरीतून इतकी वीज ओढतो, की रिमोटचं ऐकणारा रिसीव्हर उपाशी पडून क्षणभर झोपतो. परवा तसंच झालं. सुकाणू थरथरलं, बोट भलतीकडेच निघाली आणि बदकांत शिरली. ह्यांनी दोष वाऱ्याला दिला. बॅटरी चार्ज करायची राहिली होती.

हे सगळं घडतं सेंट्रल पार्कातल्या कॉन्झर्व्हेटरी वॉटर नावाच्या तळ्यावर. तिथे अशा बोटी भाड्यानेही मिळतात, हे मी एकदाच बोलून पाहिलं. काठावर दुसरेही बरेच नवरे असतात. पूर्वी दोघांचं चॅनेल एक झालं की एकाने रिमोटची काडी वळवली तर दुसऱ्याची बोट वळायची, म्हणून कोण कुठल्या चॅनेलवर आहे ते आधी ठरवून घ्यावं लागे. आता २.४ गिगाहर्ट्झचे संच लहरी सारख्या बदलत राहतात आणि रिसीव्हर फक्त आपल्याच रिमोटचं ऐकतो. एक खोट आहे. या लहरी पाण्यात जेमतेम शिरतात, त्यामुळे अँटेना पाण्याच्या वर ठेवावी लागते. खेळण्यातल्या पाणबुड्या चालवणारे अजून जुन्या मेगाहर्ट्झच्या संचांना धरून आहेत ते याचमुळे. पाणबुडीचा विषय मी घरात काढलेला नाही. तुम्हीही काढू नका.

"निकोला टेस्लाने १८९८ मध्ये याच न्यूयॉर्कमध्ये, मॅडिसन स्क्वेअर गार्डनला, रेडिओवर बोट चालवून दाखवली होती," असं हे मला समजावतात. त्याच वर्षी नोव्हेंबरात त्याला पेटंटही मिळालं. टेस्लाचं लग्न झालं नव्हतं, एवढंच मी म्हणाले.

आता मुद्द्याचं. भावोजी दिवाळीनंतर येताहेत. "लॅमिंग्टन रोडवरून थोडे सर्वो आण," असा निरोप त्यांना गेला असणार. "लहान सर्वो नऊ ग्रॅमचा असतो, बॅगेला कळतही नाही," हेही पटवलं असेल. बॅग तुम्ही स्वतः भरा. गोडा मसाला आणि मेतकूट तळाशी, पापड वर, आणि मध्ये बोटभरही जागा सोडू नका.

बाबांना नमस्कार.

आपली,
मेधा